'त्साराअथ' म्हणजे महारोग नव्हे

(ताझ्रिया-मेत्सोराच्या शब्बाथी, हाव्दालानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आज सकाळी आपण ताझ्रिया आणि मेत्सोरा या दोन्ही पाराशांचे वाचन ऐकले. हाफ्तारात शोमरोनच्या वेशीबाहेर बसलेल्या त्या चार माणसांची कथाही ऐकली. इब्री ज्यांना पुरते उमगत नाही अशी आमच्या पिढीतील माणसे अजूनही मांडीवर मराठी पवित्र शास्त्र उघडून वाचन ऐकतात. त्या मराठी प्रतीत, जेथे तोरा 'त्साराअथ' म्हणते, तेथे 'महारोग' हा शब्द छापलेला आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की तो शब्द तेथे बसत नाही. आणि तो तेथे बसविला गेल्यामुळे काही माणसांचे हात आणि पाय गेले.

हे मी पंडित म्हणून सांगत नाही. मुंबईत आणि रायगड जिल्ह्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे तपासणे, पिसाच्या किंवा पेनच्या टोकाने स्पर्श कळतो की नाही हे पाहणे आणि गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही याची नोंद ठेवणे, हे माझे काम. शास्त्र मी पुढे वाचले, रोग आधी पाहिला.

तोरात काय लिहिले आहे ते प्रथम नीट पाहू. अंगावर सूज, खपली किंवा तकतकीत डाग उठला की त्या माणसास कोहेनाकडे न्यावयाचे. डागातील केस पांढरे झाले आहेत काय आणि डाग कातडीहून खोल दिसतो काय, हे कोहेन पाहतो. शंका असेल तर सात दिवस कोंडून ठेवून पुन्हा पाहतो, लागल्यास आणखी सात दिवस. आता ज्याने एकदा तरी खरा कुष्ठरोग पाहिला आहे त्याला येथेच थांबावे लागते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात केस पांढरे होत नाहीत, गळतात. तो चट्टा सात दिवसांत काही सांगत नाही. सात महिन्यांत सांगेल. कुष्ठरोगाची जी मुख्य खूण, म्हणजे डागाच्या जागी स्पर्शाची जाणीव नाहीशी होणे, तिचा तोरात एका शब्दानेही उल्लेख नाही. वाकड्या बोटांचा नाही, बसलेल्या नाकाचा नाही. उलट असे सांगितले आहे की डाग सर्वांगावर पसरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला तर तो शुद्ध! हे कोडाचे किंवा कोंडा सुटणाऱ्या एखाद्या त्वचाविकाराचे वर्णन शोभेल, महारोगाचे नव्हे. आणि पुढे तर वस्त्राला त्साराअथ होतो, घराच्या भिंतीला होतो, हिरवट-तांबूस खळगे पडतात, दगड काढून गिलावा खरवडावा लागतो. भिंतीला महारोग झालेला मी तरी पाहिला नाही.

पण याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढच्या एका ओळीत आहे, आणि ती आपण नेहमी घाईत वाचून जातो. घरावर डाग दिसला तर कोहेन आत येण्यापूर्वी घरातील सर्व सामान बाहेर काढून ठेवावे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. विचार करा. साथीच्या रोगाची भीती असती तर त्या घरातील अंथरुणे-पांघरुणे आधी अंगणात आणून ठेवा, असे कोणी सांगितले असते काय? मिश्नाच्या नेगाईम या भागात तर असे आहे की नवरदेवाच्या अंगावर डाग उठला तर लग्नाचे सात दिवस त्याला तपासू नये; यात्रेच्या सणाच्या दिवसांतही तपासू नये. परक्या जातीच्या माणसाला हा डाग अशुद्ध करीत नाही, असेही तेथे आहे. रोगजंतू जात विचारत नाहीत आणि लग्नाची वाटही पाहत नाहीत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने त्साराअथ ही शुद्धाशुद्धतेची गोष्ट होती, संसर्गाची नव्हती. अरामचा सेनापती नामान याच डागांसह राजवाड्यात वावरत होता, आणि गेहाजी तो डाग अंगावर आल्यानंतरही राजाशी बोलत बसलेला आपणास दिसतो. रामबाम स्वतः वैद्य होते. त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की त्साराअथ हे एकमेकांशी न मिळणाऱ्या अनेक गोष्टींचे समान नाव आहे, आणि वस्त्रांवर व घरांवर येणारा त्साराअथ हा सृष्टिक्रमातला नसून इस्राएलात दिसणारी खूण आहे, लाशोन हारापासून माणसाला सावध करणारी.

मग महारोग हा शब्द तेथे आला कोठून? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी तोराचे ग्रीक भाषांतर केले. त्यांनी त्साराअथसाठी 'लेप्रा' हा शब्द योजला. ग्रीक वैद्यांच्या भाषेत लेप्रा म्हणजे खवले सुटणारा त्वचेचा साधा आजार. खऱ्या कुष्ठरोगास ते वैद्य पुढे 'एलेफान्तिआसिस' म्हणू लागले. तोपर्यंत गोंधळ फारसा नव्हता. लॅटिन शास्त्रात 'लेप्रा' तसाच उतरला. मग मध्ययुगात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. अरबांनी 'जुधाम' या नावाने खऱ्या कुष्ठरोगाचे अचूक वर्णन केले होते, आणि भाषांतरकारांनी जुधामसाठी नेमका 'लेप्रा' हाच शब्द वापरला. त्या क्षणापासून युरोपातील प्रत्येक कुष्ठरोग्याच्या माथी वाइक्राचा तेरावा अध्याय बसला: फाटकी वस्त्रे, मोकळे केस, झाकलेला ओठ, 'अशुद्ध, अशुद्ध' अशी आरोळी आणि छावणीबाहेरची वस्ती. ज्या रोगासाठी तो अध्याय नव्हताच, त्या रोगाचा तो कायदा झाला.

या कायद्याची झळ आपल्यालाही लागली. १३२१ साली फ्रान्समध्ये अफवा उठली की कुष्ठरोगी विहिरींत विष कालवीत आहेत. थोड्याच दिवसांत तिला जोड मिळाली की त्यांना यहुद्यांनी पैसे दिले. कुष्ठरोगी जाळले गेले आणि शिनों येथे यहुदीही जाळले गेले. आपल्याच ग्रंथातील एका शब्दाचे चुकीचे भाषांतर फिरत फिरत आपल्याच चितेचे लाकूड व्हावे, याला काय म्हणावे?

मराठीची कथा थोडी निराळी आहे. आपल्या पूर्वजांनी कोकणात आणि मुंबईत जे शास्त्र मराठीत वाचले ते बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केलेले. त्यांच्यासमोर इंग्रजीतला 'लेप्रसी' होता आणि आसपास रक्तपिती झालेली माणसे रस्त्याकडेला बसलेली होती. त्यांनी 'महारोग' लिहिले. गंमत अशी की आयुर्वेदातही हीच गुंतागुंत आहे. सुश्रुताने अठरा प्रकारचे कुष्ठ सांगितले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत खरूज-नायट्यासारखे विकारही येतात. पण सुश्रुताच्या वर्णनात स्पर्श न कळणे आहे, बोटे झडणे आहे, नाक बसणे आहे; उपाय म्हणून तुवरकाचे, म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीच्या झाडाचे, तेल आहे. त्या तेलाशिवाय जगाजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुसरे औषध नव्हते. 'कुष्ठ' शब्दापासूनच आपला 'कोड' आला, आणि कोड तर निव्वळ रंग जाण्याचा विकार. त्यात ना जंतू, ना बधिरता. तरी कोड असलेल्या मुलीचे लग्न जमताना काय बोलले जाते ते येथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको.

खरा रोग फार जुना आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला. त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत. येथे, येरुशलेममध्ये, हिन्नोमच्या खोऱ्यातील एका थडग्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका पुरुषाचे अवशेष कफनासह मिळाले आणि त्यांत कुष्ठजंतूंचा अंश सापडला. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भूमीतील खात्रीचा पुरावा हा एवढा उशिराचा आहे, मोशे रब्बेनूंच्या नंतर हजाराहून अधिक वर्षांचा.

रोगाचे कारण सापडले ते नॉर्वेतील बर्गन या बंदरात. तेथील थोर डॉक्टर दानिएलसेन यांचा ठाम समज होता की हा रोग आनुवंशिक आहे. रोग लागत नाही हे दाखविण्यासाठी त्यांनी रोग्यांच्या गाठीतील द्रव स्वतःच्या अंगात टोचून घेतला होता. त्यांचेच जावई गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांना १८७३ साली गाठीतील द्रवात काडीसारखे जंतू दिसले. पुढे आल्बर्ट नाइसर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर, एका यहुदी वैद्याचा मुलगा, बर्गनला आला, हान्सेनकडून नमुने घेऊन गेला, त्यांवर रंग चढवून जंतू स्पष्ट दाखविले आणि शोध आपलाच म्हणून प्रसिद्ध करून मोकळा झाला. हान्सेनही काही साधुपुरुष नव्हते. जंतूच रोग लावतो हे सिद्ध करण्याच्या नादात त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिची संमती न घेता सुई टोचली. १८८० साली न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील जागेवरून दूर केले. रुग्णालाही संमतीचा हक्क असतो, हे एका गरीब बाईच्या तक्रारीवरून त्या काळी मान्य झाले, ही गोष्ट मला जंतूच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

जंतू सापडल्याने समज वाढावी. तशी भीतीच वाढली. १८९७ च्या बर्लिन परिषदेने रोग्यांना वेगळे ठेवण्याचा पुरस्कार केला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात 'लेपर्स ॲक्ट' आला. त्याअन्वये भीक मागणाऱ्या रोग्यास पकडून आश्रमात डांबता येई. हा कायदा केंद्राच्या पुस्तकातून २०१६ साली निघाला. मुंबईत माटुंग्यास १८९० साली अशा निराधारांसाठी जी वसाहत उघडली, तिला पुढे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांचे नाव मिळाले; वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. याच ॲकवर्थसाहेबांनी शाळिग्रामांच्या साहाय्याने मराठी पोवाडे गोळा करून छापले. एका हाताने पोवाडे जमविले आणि दुसऱ्या हाताने रस्त्यावरची माणसे. त्याच सुमारास सर जोनाथन हचिन्सन नावाचे इंग्रज डॉक्टर खराब मासळी खाल्ल्याने हा रोग होतो, असे सांगत हिंदुस्थानभर फिरले. आपल्या कोकणात ते खरे असते तर एकही घर सुटले नसते!

आता रोग म्हणजे नेमके काय ते सांगतो. हा जंतू अतिशय आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला दोन आठवडे लागतात. म्हणून अंगात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला थंडावा आवडतो, म्हणून तो नाक, कानाची पाळी, हातपाय येथे घर करतो. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडावाटे तो बाहेर पडतो, आणि दीर्घकाळ निकट राहणाऱ्या माणसाला लागू शकतो; पण सुमारे ९५ टक्के माणसांचे शरीर त्याला आपोआप परतवून लावते. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. तो जातो मज्जातंतूंच्या मागे. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते. गुडघ्याखालची नस गेली की पाऊल लोंबते. चेहऱ्यावरची गेली की पापणी मिटत नाही आणि डोळा सुकत जातो.

आणि बोटे झडतात हे खरे नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले. वेदना नसलेल्या हाताने माणूस तापलेले भांडे उचलतो, चपलेतला खिळा त्याला दिवसभर कळत नाही, जखम चिघळते, हाड झिजून आखूड होते. काही रुग्णांची बोटे सकाळी उठल्यावर कुरतडलेली दिसत. शोध घेतला तर रात्री उंदीर येत होते. झोपेतल्या माणसाला ते कळतच नव्हते. मग रुग्णांना मांजरे पाळायला दिली. शाप, पाप, पूर्वकर्म यांचे डोंगर ज्याच्यावर रचले ते असे मांजराने थांबविता येण्याजोगे होते.

रायगड जिल्ह्यातील एका गावी, नाव सांगत नाही, आपल्याच समाजातील एक आजोबा मला भेटले. १९८० नंतरची ती वर्षे. मागच्या पडवीत त्यांची खाट होती, जर्मनची वेगळी थाळी होती. दोन्ही हातांची बोटे वळलेली. मी समोर बसलो तेव्हा त्यांनी उपरण्याचे टोक उचलून वरच्या ओठावर धरले. मला वाटले, खोकला येतो. सुनेने सांगितले, शास्त्रात तसे लिहिले आहे म्हणून ते तसे करतात. त्यांनी मराठी शास्त्रात 'महारोगी' हा शब्द वाचला होता आणि तो स्वतःला लावून घेतला होता. कोणी त्यांना घराबाहेर काढले नव्हते. ते स्वतःच अकरा वर्षे सिनेगॉगात गेले नव्हते. त्या गावात तेव्हा आपली थोडीच घरे उरली होती. कित्येक शब्बाथी नऊ पुरुष जमत आणि मिन्यान होत नसे, आणि दहावा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे पडवीत बसलेला असे. पहिला चट्टा पाठीवर आला तेव्हाच दवाखान्यात गेले असते तर बोटे सरळ राहिली असती. पण कोहेनाने पाहायचा डाग डॉक्टरला काय दाखवायचा, अशी त्यांची समजूत. दोन वर्षे त्यांनी औषध घेतले. जंतू मेले, बोटे परत आली नाहीत. औषध पूर्ण झाल्यावर ते सिनेगॉगात गेले तेव्हा गावात नऊ काय, पाच पुरुषही उरले नव्हते. बाकीचे इकडे आले होते.

महाराष्ट्राने या रोगाशी दिलेला लढा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे: दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे, आणि आपल्या पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवन. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. येरुशलेममध्येही एक प्रकरण घडले आहे आणि ते येथे जन्मलेल्या आपल्या मुलांनाही फारसे माहीत नसते. तालबियेत उंच दगडी कुंपणाआड एक दुमजली इमारत आहे. कॉनराड शिक याने आराखडा केलेली ही इमारत १८८७ साली कुष्ठरोग्यांसाठी उभी राहिली आणि मोराव्हियन पंथाच्या प्रोटेस्टंट भगिनींनी अनेक दशके ती चालविली. राष्ट्राच्या स्थापनेनंतर ती आरोग्य मंत्रालयाकडे आली. तेथील डॉ. जेकब शेस्किन यांच्याकडे १९६४ साली एक रुग्ण आला. औषध चालू असताना कधीकधी अंगभर दुखऱ्या गाठी उठतात, ताप येतो, झोप लागत नाही. तशी त्याची अवस्था होती. शेस्किन यांनी त्याला झोपेसाठी थॅलिडोमाइड दिले. त्या गोळीने युरोपात हजारो अर्भके हातापायांविना जन्माला आली होती आणि ती बाजारातून काढून टाकलेली होती. रुग्ण झोपला, आणि एकदोन दिवसांत गाठी व वेदना ओसरू लागल्या. गर्भवतींपासून कटाक्षाने दूर ठेवून त्या गोळीचा उपयोग या त्रासासाठी आजही होतो. ती इमारत २००० साली रुग्णालय म्हणून बंद झाली आणि २०१३ पासून तेथे कलाकेंद्र आहे. इब्रीत आता डॉक्टर मंडळी 'माहालात हान्सेन' म्हणतात, त्साराअथ म्हणत नाहीत. हा बदल नुसता सभ्यतेचा नाही. तो खरा आहे.

१९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला: रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच रुग्ण दुसऱ्याला रोग देण्याच्या पलीकडे जातो. औषध १९९५ पासून जगभर विनामूल्य मिळते. तरीही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. आपण दरवर्षी गावी जातो, तिकडून पाहुणे येतात, तेव्हा हे ठाऊक असावे: अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, ज्यावर घाम येत नाही आणि ज्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, तो दिवसाच्या उजेडात त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. दिवसाच्या उजेडात हे मिश्नातही आहे. ढगाळ दिवशी डाग पाहू नये, असे नेगाईममध्ये सांगितले आहे. तेवढ्यापुरते कोहेन आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ एकाच शाळेचे!

चहाच्या वेळी एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारले की त्यांच्या भाच्याचे लग्न ठरते आहे, मुलीच्या आजीला मुंबईत पूर्वी हा रोग झाला होता असे कानावर आले, तर काय करावे. त्यांच्या परवानगीने ते उत्तर येथे सर्वांना देतो. हा रोग आनुवंशिक नाही. आजीने औषध पूर्ण केले असेल तर आजीसुद्धा आज रोगी नाही, मग नातीचा प्रश्नच उरत नाही. भारताच्या संसदेने २०१९ साली घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढून टाकला. त्यांनी पुढे विचारले, "मग मुलाच्या आईला सांगू की नको?" मी म्हटले, "ताई, विचारले तर खरे सांगा. आणि लग्नात आजींना पहिल्या रांगेत बसवा."